आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला का?

वाचकांचे प्रश्न : हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील औषधांचे संशोधन

या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा ‘कोणती गोळी चांगली’ अशीच पत्रे येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक वाचकांनी विचारले आहे ते असे, की एखादे औषध उपयोगी आहे हे मुळात ठरवतात कसे. औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून मोलाचा प्रश्न दुसरा नाही. जागेच्या मर्यादेमुळे सात पत्रे निवडली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. स्वतःच्या गोळ्यांत बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सातारा) : माझ्या यजमानांना दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. तेव्हापासून ते सहा गोळ्या घेतात. आता कोलेस्टेरॉल, रक्तदाब, ईसीजी सारे नॉर्मल आहे. “रिपोर्ट नॉर्मल असताना औषध कशाला?” असे ते विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही.

उत्तर : रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळ्या चालू आहेत म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली, की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्वीच्या पातळीवर परत येते. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा त्याच्या पुढे आहे. रिपोर्टावरचा आकडा सुधारणे हे या औषधांचे उद्दिष्ट नव्हतेच. पुन्हा झटका येऊ नये, पक्षाघात होऊ नये, माणूस जगावा, हे उद्दिष्ट. आकडा ही त्याची केवळ खूण. ही खूण किती फसवू शकते हे वैद्यकशास्त्र फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

१९८० च्या दशकात एक गोष्ट सर्वमान्य होती. झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या ईसीजीत अधूनमधून जादा ठोके दिसतात, ते पुढे अचानक दगावण्याची शक्यता अधिक असते. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे हे जादा ठोके उत्तम दाबत. तेव्हा ती द्यावीत, म्हणजे मृत्यू टळतील, हा तर्क इतका सरळ होता, की अमेरिकेत ती औषधे रुग्णांना सर्रास दिली जात होती आणि तुलनेसाठी काहींना औषधाविना ठेवणे हाच अन्याय होईल असे काही डॉक्टरांना वाटत होते. तरीही ‘कास्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी झाली. औषधाने ज्यांचे जादा ठोके कमी होतात हे आधी पाहून घेतले होते, अशा १,४९८ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना या दोनपैकी एक औषध मिळाले आणि उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळाली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती. १९८९ साली ही तुलना मध्येच थांबवावी लागली.

हे एकेकट्या डॉक्टरला आधी का कळले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. झटका येऊन गेलेल्यांपैकी काही रुग्ण नंतरच्या वर्षभरात दगावतातच. तसा एखादा दगावला, की दोष आजाराकडे जातो, औषधाकडे नाही. औषध न घेणारे, बाकी सर्व बाबतींत तसेच असलेले रुग्ण शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक दिसणारच नाही. ‘बाकी सर्व बाबतींत तसेच’ हे साधण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे : कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरने किंवा रुग्णाने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवायचे. आज हे काम संगणक करतो, पण तत्त्व चिठ्ठीचेच आहे. माणसे पुरेशी असली, तर वय, तंबाखू, मधुमेह, घरची परिस्थिती, जे आपल्याला मोजता येते ते आणि येत नाही तेही, दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जाते. शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा.

तुमच्या यजमानांच्या सहा गोळ्यांपैकी एक स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, असणार, असे मी गृहीत धरतो. या औषधांचा मूळ धागा जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी, हजारो बुरशी तपासून, एका बुरशीत शोधला होता. कोलेस्टेरॉल कमी होते हे लवकरच दिसले. पण त्यामुळे मृत्यू कमी होतात का, यावर बरीच वर्षे खडाजंगी चालू राहिली. ती मिटवली १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील चाचणीने. छातीत दुखण्याचा किंवा झटक्याचा इतिहास असलेल्या ४,४४४ रुग्णांत सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि प्लासिबो यांची सुमारे साडेपाच वर्षे तुलना झाली. प्लासिबोच्या गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. टक्केवारीत सांगायचे तर शंभरातील साधारण १२ मृत्यूंऐवजी ८. ‘मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले’ हे वाक्यही याच आकड्यांतून निघते आणि ते खोटे नाही. पण कोणी टक्केवारी सांगितली, की ‘शंभर माणसांत किती, आणि किती वर्षांत’ असे जरूर विचारावे. इथे उत्तर असे आहे, की तीस रुग्णांनी पाचेक वर्षे गोळी घेतली तर एक मृत्यू टळला. ते एक कुटुंब कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिसांनी ती गोळी घ्यायची असते.

यजमानांना इतकेच सांगा, की त्या रुग्णांनी गोळी रिपोर्ट सुधारेपर्यंत नव्हे, तर वर्षानुवर्षे घेतली आणि मृत्यू टळले ते त्यामुळे. सहापैकी एखादी गोळी कमी करता येईल का, हा प्रश्न मात्र योग्य आहे. स्टेंटनंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सहसा ठरावीक मुदतीसाठी असतात आणि मग एक बंद करतात. ती मुदत तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. मनाने ती बंद केली, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तो प्रसंग जिवावर बेततो.

प्रश्न (वाचक, वय ७२, डोंबिवली) : मला हृदयाचा कोणताही त्रास नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटातील बहुतेक जण ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात. मीही चार वर्षे घेत आहे. योग्य आहे ना?

उत्तर : एकच गोळी, पण दोन वेगवेगळ्या माणसांत तिचा हिशेब वेगळा होतो.

झटका प्रत्यक्ष आलेल्या रुग्णात ॲस्पिरिनचे काम वादातीत आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत, झटका आल्याच्या संशयाने रुग्णालयात आलेल्या १७,१८७ रुग्णांपैकी निम्म्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिले गेले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. इतक्या स्वस्त गोळीने इतके जीव वाचल्याचे उदाहरण वैद्यकात विरळा. ज्यांना झटका, स्टेंट, बायपास किंवा गुठळीमुळे झालेला पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी पुढचा मजकूर वाचून ॲस्पिरिन बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

तुमच्यासारख्या, आजार नसलेल्या ज्येष्ठांचा अभ्यास वेगळा झाला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेल्या ‘ॲस्प्री’ या चाचणीत १९,११४ ज्येष्ठांचा समावेश होता, त्यांतील बहुतेक ७० वर्षांवरील होते. २०१८ साली निष्कर्ष आले, ते असे : हृदयविकार व पक्षाघात यांत लक्षणीय घट नाही, धडधाकट आयुष्य वाढले नाही, आणि मोठा रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांऐवजी ३.८ टक्के लोकांना झाला. त्याच वर्षी १५,४८० मधुमेही व्यक्तींवरील चाचणीत थोडा फायदा दिसला, झटका-पक्षाघातासारख्या गंभीर घटना ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आल्या. पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. डाव्या हाताने मिळाले ते उजव्या हाताने जवळजवळ सारे गेले.

गुठळी रोखणारे औषध गरजेच्या ठिकाणचे रक्त गोठणेही रोखते. ज्याच्या रक्तवाहिनीत गुठळीचा धोका मोठा आहे त्याला सौदा फायद्याचा. ज्याचा धोका लहान आहे त्याच्या वाट्याला जठरातील आणि क्वचित मेंदूतील रक्तस्राव येतो, आणि वय वाढते तसा हा धोकाही वाढतो. फिरायला येणाऱ्या मित्रांपैकी कोणाला स्टेंट असेल, त्याची गोळी त्याला लागू आहे. तुमची बहुधा नाही. या आठवड्यात डॉक्टरांना भेटून तिचा निर्णय करा.

प्रश्न (गृहिणी, नाशिक) : कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून पोटऱ्या आणि मांड्या दुखतात. बंद केली, की बरे वाटते. डॉक्टर म्हणतात, गोळीमुळे नाही. मग मला होते ते काय खोटे आहे?

उत्तर : मुळीच खोटे नाही, आणि तुमचे दुखणे कोणी हसण्यावारी नेले असेल तर ते चूक आहे. या प्रश्नाचा लंडनमधील संशोधकांनी इतक्या प्रामाणिकपणे छडा लावला आहे, की तो अभ्यास मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो.

त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या साठ जणांना त्यांनी वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या : चार महिन्यांच्या बाटल्यांत खरे औषध, चारांत तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि चार बाटल्यांत काहीच नाही. क्रम चिठ्ठीने ठरवला होता. प्रत्येकाने रोज आपला त्रास शून्य ते शंभर या मापात नोंदवला. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या औषधाच्या महिन्यांत १६.३, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास खरोखर दुप्पट झाला होता, पण त्या वाढीचा नऊ-दशांश भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. पूर्वी त्रास झाला आहे, पुन्हा होणार, या धास्तीने शरीर सावध होते. एरवी दुर्लक्षिले जाणारे दुखणे मग ठळक जाणवते. ते दुखणे खरेच असते, फक्त त्याचे मूळ गोळीतील रसायनात नसते. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्या साठांपैकी निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

२०२२ साली एकोणीस चाचण्यांतील १,२३,९४० लोकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हाही स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनी स्नायूंचा त्रास सांगितला होता. फरक आहे, पण अगदी थोडा, आणि तोही मुख्यतः पहिल्या वर्षातला.

त्या थोड्या लोकांत तुम्ही असूही शकता. म्हणून थायरॉईडची तपासणी करून घ्या, सोबतच्या इतर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन घेऊन पाहण्याविषयी बोला. स्नायू फार अशक्त झाले किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठायचे. हा त्रास दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे.

प्रश्न (वाचक, सावंतवाडी) : आमच्याकडे सर्पगंधा पूर्वापार माहीत आहे. रक्तदाबावरचे औषध आपल्याच मुळीतून निघाले असे ऐकतो. हे खरे असेल तर आज ते कोणी का देत नाही?

उत्तर : खरे आहे, आणि त्या गोष्टीचा मोठा भाग मुंबईत घडला आहे. झोप न येणे, मनोविकार आणि सर्पदंश यांसाठी सर्पगंधेची मुळी देशात अनेक ठिकाणी वापरात होती. १९३१ साली सेन आणि बोस या कलकत्त्याच्या वैद्यकांनी तिने रक्तदाब उतरतो असे लिहिले होते, पण ते देशाबाहेर फारसे कोणी वाचले नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ही मुळी अनेक वर्षे आपल्या रुग्णांत वापरत होते. नुसते ‘गुण येतो’ यावर न थांबता त्यांनी पन्नास रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्या निबंधाने जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचा टप्पा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयीच तेव्हा एकमत नव्हते. वयानुसार अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पोहोचावे म्हणून शरीरच दाब वाढवते, तो उतरवला तर अपाय होईल, असे मानणारे नामांकित डॉक्टर होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांना तीन औषधांचे मिश्रण दिले गेले, आणि त्यांतील एक होते आपल्या सर्पगंधेतील रेसर्पिन. १९६७ साली निष्कर्ष आले. प्लासिबोच्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली आणि चौघे दगावले. औषधाच्या गटात दोघांनाच गंभीर गुंतागुंत झाली आणि मृत्यू एकही नाही. रक्तदाब उतरवल्याने माणसे वाचतात, हे नीट तुलनेतून इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या पहिल्या चाचण्यांत हिची गणना होते. आज घरोघरी बीपीची गोळी घेतली जाते, तिच्या मागच्या पुराव्यात सावंतवाडीच्या रानातही उगवणाऱ्या मुळीचा वाटा आहे.

मग ती मागे का पडली? नाक चोंदणे, सुस्ती, जठराचा त्रास, आणि जास्त मात्रेत मनाची उदासी, असे दुष्परिणाम रेसर्पिनमध्ये दिसले, आणि दरम्यान अधिक सोसवणारी औषधे आली. त्यांतील एका गटाचे मूळही निसर्गातच आहे. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल तयार झाले आणि रामिप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याची पुढची भावंडे.

घरच्या घरी मुळी उगाळून घेऊ नये. मुळीमुळीत औषधी द्रव्याचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे दाब किती उतरेल याचा भरवसा नाही, आणि चालू गोळ्यांबरोबर ती घेतल्यास नाडी फार मंद होऊ शकते. शिवाय बेसुमार उपटली गेल्यामुळे ही वनस्पती रानात दुर्मीळ होत चालली आहे. तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित करावा लागला आहे.

प्रश्न (वाचक, नागपूर) : वडिलांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्के आहे. त्यांना मधुमेह नाही, तरी डॅपाग्लिफ्लोझिन लिहून दिले. औषधाच्या दुकानात सांगितले, “ही शुगरची गोळी आहे.” चूक झाली आहे का?

उत्तर : चूक नाही. मधुमेहाच्या एका जुन्या औषधाने हृदयाला अपाय होतो अशी शंका आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागायला सुरुवात केली. अपाय शोधण्यासाठी झालेल्या या चाचण्यांत डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा उलट फायदाच दिसला. त्यानंतर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत कमकुवत हृदयाचे ४,७४४ रुग्ण घेतले गेले, ज्यांतील निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. सुमारे दीड वर्षात हृदयाची स्थिती बिघडणे किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे याचे प्रमाण २१.२ वरून १६.३ टक्क्यांवर आले, आणि मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच लाभ झाला. २०२० साली भारतात पेटंट संपल्याने ही गोळी अनेकांच्या आवाक्यात आली आहे. जननेंद्रियाच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, ती टाळण्यासाठी स्वच्छता पाळावी. उलट्या-जुलाब होत असतील, कडक उपास असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळी थांबवायची का ते आधी विचारावे.

प्रश्न (वाचक, न्यू जर्सी) : बहुतेक मोठ्या चाचण्या गोऱ्या लोकांवर झाल्या आहेत. आपल्याकडे झटका कमी वयात येतो. मग ते निष्कर्ष आपल्याला लागू होतात का?

उत्तर : कमी वयाचे निरीक्षण बरोबर आहे. अनेक देशांतील रुग्णांच्या तुलनेत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी पाच-सहा वर्षे आधी आल्याचे दिसले आहे. मात्रेतही फरक असू शकतो : रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी आशियाई लोकांत साधारण दुप्पट आढळल्याने अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकच सुरुवात ५ मिलिग्रॅमने करण्याचा विचार करावा असे सांगते. तुमच्या डॉक्टरांना ही आठवण जरूर द्या.

पण ‘आपले शरीर वेगळे, म्हणून औषधाचा गुणही वेगळा’ असे लगेच समजू नये. ‘आयसिस-२’च्या संशोधकांनी याविषयी एक धडा मुद्दाम आपल्या निबंधातच नोंदवून ठेवला. रुग्णांना जन्मतारखेनुसार, पाश्चात्त्य पद्धतीच्या राशींत विभागले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही, उलट किंचित तोटाच होतो, असे आकडे निघाले. अर्थात याचा राशीशी संबंध नव्हता. मोठ्या गटाचे लहान लहान तुकडे केले, की केवळ योगायोगाने एखादा तुकडा वेगळा दिसतो. चाचणीतील मूठभर भारतीय रुग्ण वेगळे काढून निष्कर्ष काढण्यातही हाच धोका आहे. त्यावर उपाय एकच, आपल्या लोकांत मोठ्या चाचण्या करणे.

त्या होऊ लागल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारतातील पन्नास केंद्रांत २,०५३ लोकांवर ‘पॉलिकॅप’ची, म्हणजे रक्तदाबाची तीन औषधे, स्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये देण्याच्या कल्पनेची, परीक्षा झाली. तेव्हा मोजले ते रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचे आकडेच. माणसांचे काय होते हे पाहायला पुढची चाचणी अधिक मोठी आणि दीर्घ हवी होती. ५,७१३ जणांच्या त्या चाचणीत जवळजवळ निम्मे लोक भारतातील होते, आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले : एकत्रित गोळी आणि वेगळे दिलेले ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ५.८ ऐवजी ४.१ टक्के. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. याशिवाय २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारतातील ३२ रुग्णालयांत १,९८१ रुग्णांवर रक्तदाबाच्या दोन-दोन औषधांच्या तीन जोड्या तोलून पाहिल्या गेल्या. तिन्ही जवळपास सारख्याच गुणकारी ठरल्या आणि सुमारे ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला. एका गोळीत दोन औषधे दिली तर आपल्याकडच्या रुग्णाला ती नियमित घेणे जमते, हे मला यातील सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटते.

प्रश्न (वाचिका, पुणे) : भावाला हृदयाच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असे रुग्णालयात विचारले. घरचे म्हणतात, “आपल्या माणसाचा उंदीर करू द्यायचा नाही.” काय करावे?

उत्तर : घरच्यांची भीती निराधार नाही. आपल्या देशात काही चाचण्यांत पुरेशी माहिती न देता लोकांना ओढले गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्यातूनच नियम कडक झाले. आज २०१९ चे नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात, एक सर्वसामान्य नागरिक असतो, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात. चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत असावी लागते. संमतिपत्राच्या कागदावर हा नोंदणी क्रमांक दिसला नाही तर विचारा. सांगितला नाही, तर सही करू नका.

कागद घरी आणून, भावाला समजणाऱ्या भाषेत, सावकाश वाचा. मराठी प्रत मागण्याचा हक्क आहे. मग विचारायचे ते असे. प्लासिबो मिळाला, तरी आज चालू असलेले उपचार पूर्ण चालू राहतील का? हृदयविकाराच्या बहुतेक चाचण्यांत नवे औषध किंवा प्लासिबो हे चालू उपचारांच्या जोडीला देतात, त्यांच्याऐवजी नाही. तसे आहे याची खात्री करा. शेवटी काय मोजणार आहेत, रक्तातला एखादा आकडा की झटके आणि मृत्यू? तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोणाचा? चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद नियमात आहे. ती कागदावर कशी लिहिली आहे, आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या क्रमांकावर कोण भेटेल?

भाऊ कोणत्याही दिवशी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. बाहेर पडायचे ठरले तर गोळी अचानक न थांबवता आधी चाचणीच्या डॉक्टरांना सांगावे, कारण हृदयाची काही औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते.

‘उंदीर’ या शब्दाविषयी माझे मत सांगतो. ‘कास्ट’च्या आधी ज्यांना ती ठोके दाबणारी औषधे दिली गेली, त्यांना कोणी संमती विचारली नव्हती आणि त्यांचा हिशेबही कोणी ठेवला नाही, प्रयोग त्यांच्यावरही होतच होता. चाचणीतील रुग्णांचा हिशेब ठेवला गेला, त्यांच्यावर स्वतंत्र समितीची नजर होती, आणि मृत्यू वाढताहेत हे दिसताच औषध थांबले. भावाने भाग घ्यावाच असे मी म्हणणार नाही. त्याच्या प्रकृतीचे तपशील मला माहीत नाहीत. वरच्या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली आणि त्याला स्वतःला पटले, तर घरच्यांनी केवळ भीतीपोटी अडवू नये. सही केल्यास सही केलेली एक प्रत घरी आणून ठेवा, आणि चाचणी संपल्यावर निष्कर्ष काय निघाला ते आम्हाला कळवावे, अशी विनंती आजच तिथल्या डॉक्टरांकडे लिहून द्या.